अकरा नंबरचा डबा

कोपर, डोंबिवली (प.)
९ ऑक्टोबर १९९१

ती. मंजुळाआत्यास,
चित्राचा शि. सा. नमस्कार वि. वि.

बाळकुमहून मी इथे पोचले. बाबा दारात आल्यावर वहिनीला एवढंच म्हणाले की दसऱ्यासाठी आणलीय. शेजारीही तेच सांगितलं आहे. दसरा आठ-नऊ दिवसांवर आहे. त्यानंतर काय सांगायचं ते अजून ठरलेलं दिसत नाही.

माझ्याआधी इथे गोष्ट पोचली होती. काळुरामच्या पोरीने, म्हणजे मी, बाळकुमच्या पोरांना पिंड चारले, अशी ती गोष्ट आहे. वहिनीच्या माहेरी त्याच गोष्टीत हळद-कुंकू आणि टाचण्याही आल्या आहेत. म्हणून काय झालं ते क्रमाने लिहिते. तुला सगळं माहीत आहे, पण एका ठिकाणी तरी बरोबर लिहिलेलं असावं.

बुधवार, २ ऑक्टोबर. गांधी जयंतीची सुट्टी होती म्हणून जपानी हारुकोबाईंचा सुशीचा वर्ग आम्ही दोघींनी तुझ्या बालवाडीच्या खोलीत संध्याकाळच्या ऐवजी सकाळी घेतला. हजर मुलं अठरा, सगळी मिठागराच्या चाळीतली आणि बांधकामावरची. मुलं ज्याला कार्बन पेपर म्हणतात ते समुद्रातल्या शेवाळाचे कागद सप्टेंबरातच संपले होते, त्यामुळे गुंडाळी करता येणार नव्हती. बाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे सहलीला जाताना भाताचे गोळे नेतात, ते करू. भातात व्हिनेगर, साखर, मीठ मोजून घातलं. आत काकडी किंवा उकडलेली कोलंबी, वरून तीळ. प्रत्येकाने चार गोळे वळले. दोन तिथे खायचे, दोन नंबर घातलेल्या डब्यातून घरी न्यायचे, म्हणजे घरच्यांनाही कळेल की पोरगं काय शिकतंय. डबे घरी देण्याची ती पहिलीच वेळ.

अकरा नंबरचा डबा बायजाचा. तिच्या आजीने, आवडाबाईने, तो उघडला. आत हाताने वळलेले भाताचे दोन गोळे, त्यांवर काळे तीळ, आणि त्या दिवशी पितृपक्षातली नवमी. आवडाबाईची मुलगी, म्हणजे बायजाची आई सखू, गेल्या वर्षी गेली. कोणीतरी जिवंत घरात पिंड धाडलाय असं म्हणून आवडाबाई दारातच बसली. पुढचं तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंस.

चूक माझी आहे. मी कॅलेंडरवर लाल आकडा पाहिला, त्याखालची बारीक तिथी पाहिली नाही. भाताचं तापमान, मिठाचं वजन, मुलांच्या हातांची नखं, सगळं तपासलं. ते एक राहिलं.

वजनकाटा कोरडा करून ठेव. अठराही डबे परत आले का ते कळव.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुझी,
चित्रा


बाळकुम, ठाणे
१५ ऑक्टोबर १९९१

चि. चित्रास,
मंजुळाआत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मायन्यात सौ. कां. लिहिणार होते, पण शहाडच्या स्थळाचं काय ठरतंय ते कळेपर्यंत तेवढी शाई वाचवते. त्यांना म्हणे मुलगी शिकलेली हवी होती. आता शिकलेली नको असेल, पिंडवाली तर नकोच असेल. तू हसत नाहीस हे मला ठाऊक आहे, मीच माझं हसून घेते.

काटा पुसून ठेवला. डबे सतरा आले. अकरा नंबरचा आवडाबाईकडेच आहे. घरात घेत नाही, फेकत नाही, परतही देत नाही. कोंबड्यांच्या खुराड्यावर उपडा घालून ठेवलाय. मी मागायला गेले तर म्हणाली, त्या डब्याला हात लावायचा असेल तर तुझ्या भाचीला पाठव. परवाच्या बुधवारी वर्गाला मुलं आली सात. बाकीच्यांना आयांनी धरून ठेवलं.

तुझ्या हारुकोबाईला, आमच्या पोरांच्या हरकूबाईला, पिंड म्हणजे काय ते मी हातवारे करून सांगितलं. कावळा करून दाखवावा लागला, तेव्हा कुठे समजली. मग तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, हमारा घर में भी मरा हुआ को चावल रखता. नंतर आवडाबाईच्या दारासमोर जाऊन कमरेत वाकली ती उठेचना. आवडाबाईने दार लावून घेतलं. तरी दुसऱ्या दिवशी मला विचारत होती की ती गोरी बाई पाठीने अधू आहे का.

आता कामाचं. बाईच्या नवऱ्याची कारखान्यातली मुदत संपली, ते लोक २१ डिसेंबरला जपानला परत जाणार. वर्गाचा खर्च उचलणाऱ्या ट्रस्टच्या बाई सांगून गेल्या की चित्राने वर्ग हातात घेतला तर तिला रीतसर नेमणूक देऊ आणि वर्ग चालू ठेवू, नाहीतर बाईच्या जाण्याबरोबर बंद. त्यांना २० डिसेंबरपर्यंत उत्तर हवंय.

आणि एक विचारायचं आहे. वर्गासाठीचे तीळ मी स्वतः भाजून बरणीत भरलेले, ते पांढरे. काळे होते ते आमच्या सासऱ्यांच्या पक्षासाठी आणलेले, कपाटात वेगळ्या पुडीत. म्हणजे बघ, पक्ष चालू आहे हे मला चांगलं माहीत होतं. पण तुमचं ते परदेशी खाणं, त्याला आपल्या तिथ्या लागतात हे डोक्यातच आलं नाही. तेव्हा अर्धी चूक माझी. पण कपाटाची किल्ली त्या दिवशी तुझ्याकडे होती. जी मुलगी मीठ चिमटीने घेत नाही ती तिळाचा रंग चुकणार नाही. कोणी मागितले? नाव असेल तर लिही. मी काळूला येऊन सांगते. तो ऐकेल. लहानपणी मी त्याला खाडीच्या चिखलात लोळवून मारलेला आहे.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
आत्या


कोपर
२७ ऑक्टोबर १९९१

ती. मंजुळाआत्यास,
चित्राचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र राघोदादाने ओट्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. चिखलाचं वाक्य आलं तेव्हा बाबा हसले नाहीत, पण सुपारी कातरायचे थांबले. इथे आलेली पत्रं यापुढेही अशीच वाचली जातील, तेव्हा त्या हिशोबाने लिही.

तिळाबद्दल. मी कपाटातून पुडी काढली. त्यापलीकडे लिहिण्यासारखं नाही.

दसरा झाला. आता मी दिवाळीसाठी आले आहे. मला बाहेर जायला कोणी मनाई केलेली नाही. मी चप्पल घातली की वहिनीही चप्पल घालते. टपालपेटी इथून दोनशे दहा पावलांवर आहे, तिथवर आम्ही दोघी जातो आणि दोघी येतो. बाबा ओट्यावर असतात. घरातून बाहेर पडायचा रस्ता ओट्यावरूनच आहे. कुलूप असतं तर किल्ली मागता आली असती.

वहिनी वाईट नाही. परवा दिवाळीचं करायला घेतलं तेव्हा चकल्या पाडायला मला बसवलं. लाडू वळायची वेळ आली तशी तिने परात हळूच स्वतःकडे ओढून घेतली आणि मला म्हणाली की तुम्ही दमला असाल. मी दमले नव्हते. वळलेली वस्तू माझ्या हातची नको, हे समजायला मला थोडा वेळ लागला. साच्यातून निघालेली चालते.

शहाडचे लोक १ डिसेंबरला, तुळशीचं लग्न झाल्यावर येणार आहेत. मुलीने तो वर्ग पुन्हा करायचा नाही ही त्यांची अट आहे. बाबांनी हो म्हटलं आहे. मला विचारलं नाही, त्यामुळे मी नाही म्हटलेलं नाही.

हारुकोबाईंना सांग की उरलेलं व्हिनेगर उन्हात ठेवू नका. आणि मुलांना पाकिटावरची तारीख वाचायला लावायची राहिली आहे. पुढच्या बुधवारी तेवढं घ्या, त्याला भात लागत नाही.

तुझी आठवण रोज येते असं लिहायची पद्धत आहे. मला खरोखरच येते.

तुझी,
चित्रा


बाळकुम
१२ नोव्हेंबर १९९१

चि. चित्रास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने धाडत नाही. आमच्या गल्लीतली सगुणा तुमच्या बाजूला सुकी मासळी विकायला येते, तिच्या टोपलीत सोड्यांच्या पुडीखाली घालून देते. वास येईल, पण राघो वाचणार नाही. उत्तर तिच्याचकडे दे. मंगळवारी आणि शुक्रवारी येते.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी बायजा आली. मी बालवाडीची भांडी घासत होते. तीही न सांगता घासायला बसली. सगळी घासून झाली तरी उठेना. मग म्हणाली की काळे तीळ चित्राताईने चुकून नाही घातले, मी मागितले.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. पोर दहा वर्षांची, पण तिने सगळं असं सांगितलं जशी वहीतून वाचतेय. तिची आई नवरा असताना गेली, म्हणून तिची तिथी नवमीची, हे तिने आजीच्या तोंडून ऐकलेलं. बाप धोंडीबा वीटभट्टीवर, तिकडे त्याने दुसरं घर केलंय. ना तो आला, ना त्याने कोणाला धाडलं. आवडाबाई आई पडली मुलीची, तिला करता येत नाही. मुलगा नाही. वर्षभर म्हातारी म्हणत होती, माझ्या सखूला कोणी पाणी पाजलं नाही. म्हणून या पोरीने नवमी बोटावर मोजून ठेवली. खायला मिळालेले दोन गोळे तिने खाल्लेच नाहीत. बालवाडीच्या मागे मिठागराच्या बांधावर ठेवून आली आणि बघत उभी राहिली. म्हणते, कावळा आला आणि एक घेऊन गेला, लगेच.

उरलेले दोन डब्यात. ते का टाकले नाहीस म्हटलं, तर म्हणाली, चित्राताई सांगते अन्न टाकायचं नाही, घरी न्यायचं. बघ तुझा नियम.

मला आधी रडू आलं, मग आलं हसू. आंबट भात आणि आत कोलंबी, असा पिंड ज्या कावळ्याने उचलला तो नक्की हरकूबाईच्या गावचा.

आता चित्रा, तू हे जाणून होतीस की नाही ते मला माहीत नाही, पण मला हे काळूला सांगू दे. एका वाक्याचं काम आहे. मागितले त्या पोरीने, तुझ्या पोरीने नाही. तुझा बाप हट्टी आहे, अन्यायी नाही. १ तारखेच्या आत सांगायला हवं. मुलं आता पाचच येतात. बाई पेट्या भरायला लागली आहे.

वाट बघते.

तुझी,
आत्या


कोपर
१५ नोव्हेंबर १९९१

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगुणा आज लवकर येईल म्हणून थोडक्यात लिहिते.

हो, मला माहीत होतं. सगळं नाही, पण पुरेसं. बायजा माझ्याजवळ आली आणि म्हणाली की माझ्या गोळ्यांना काळे तीळ हवेत. का म्हणून मी विचारलं नाही. तिने हात आधीच धुतलेले होते, कोपरापर्यंत, जसे मी शिकवले तसे. मग तिने विचारलं की मुलीच्या हातचं चालतं का. मला वाटलं सुशीबद्दल विचारते. तिच्याकडे नीट पाहिल्यावर कळलं की नाही. मी सांगितलं, भाताला हात कुणाचा ते कळत नाही, धुतलेला आहे की नाही एवढंच कळतं. आणि किल्ली घेऊन कपाट उघडलं.

तेव्हा तिथी पाहिली नाही हे जे मी तुला लिहिलं ते खरं आहे, पण अर्धं. पुडी हातात घेतली तेव्हा आज काय असेल याचा अंदाज आला होता. डबा घरी जाणार आहे हे त्या क्षणी माझ्या ध्यानात राहिलं नाही. चूक तिथे आहे.

बाबांना सांगू नकोस. काय होईल ते मोजून बघ. बाबा ते राघोदादाला सांगतील, राघोदादा ओट्यावर, आणि आठ दिवसांत ते बाळकुमला पोचेल. मग पिंड देणारी मी नसेन, बायजा असेल. दहा वर्षांची मुलगी, जिच्या आजीने तिच्याच हातचा डबा खुराड्यावर उपडा घातला आहे. माझ्यावर नाव आलं तर मी कोपरला बसते. तिच्यावर आलं तर तिला बसायला दुसरी जागा नाही.

वर्गाच्या नोंदवहीत २ ऑक्टोबरचं पान आहे. त्यावर माझ्या अक्षरात ओळ आहे: क्र. ११, तीळ काळे, विनंतीवरून. ते पान फाडून टाक. मी आजवर एकही पान फाडलेलं नाही, म्हणून तुला सांगते आहे.

हारुकोबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांनी माझी वाट पाहू नये हेही सांग. ट्रस्टला नकार कळव.

इथे बरं आहे. वहिनीचा धाकटा आता पाकिटावरची तारीख वाचतो. काल दुकानदाराला त्याने बिस्किटांचा पुडा परत दिला.

तुझी,
चित्रा


कोपर
३ डिसेंबर १९९१

चि. मंजुळा हिस,
काळुरामाचे आशीर्वाद वि. वि.

हे पत्र मी सांगतो आहे आणि चित्रा लिहिते आहे. राघोला सांगितलं असतं, पण तो स्वतःचं घालतो. ही घालत नाही.

परवा रविवारी शहाडची मंडळी आली. पाच जण होते. पोहे झाले, चहा व्हायचा होता. तेवढ्यात ओट्याखाली एक म्हातारी येऊन उभी राहिली, बरोबर पोरगी. मला वाटलं भाजीवाली. तिने विचारलं काळुराम कोण. मी म्हटलं मी. तर म्हणाली, मी बाळकुमची आवडा, तुझ्या पोरीला शिव्या घातल्यात दोन महिने, त्या परत घ्यायला आले.

चित्राला बाहेर बोलवायचं नव्हतं. पण ती पोरगी सरळ आत गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली. ही म्हणते हे लिहायचं नको, मी लिही म्हटलं.

म्हातारीने काय सांगितलं ते असं. तिच्या घरावर कोणीतरी करणी केली म्हणून ती रविवारचा भगत ठरवून बसलेली. चित्राच्या नावाचं लिंबू कापणार होती. हे ऐकून पोरगी रडायला लागली आणि ताईचं नाव काढू नको, मीच केलं म्हणून सगळं ओकली. आईची नवमी, काळे तीळ, बांधावरचा कावळा. म्हातारी म्हणाली, ऐकलं आणि मी रात्रभर खुराड्यापाशी बसले. सखूला घास मिळाला आणि मी त्यावर थुंकत होते. मग मला म्हणाली की तुझ्या पोरीला हे ठाऊक होतं, माझी पोर वाचावी म्हणून ती गप्प बसली, तू बाप असून तुला कळलं नाही का.

हे तिने पाच पाहुण्यांसमोर विचारलं. 

शहाडचे थोरले म्हणाले की म्हणजे मुलीने जाणूनबुजून तीळ दिले, ही तर जास्त वाईट गोष्ट. मी त्यांना म्हटलं, चहा घ्या.  चहा घेऊन गेले. कळवतो म्हणाले. कळवतील असं वाटत नाही, आणि कळवलं नाही तर मी विचारायला जाणार नाही. हिची वहिनी रडली. ही रडली नाही. लिही म्हटलं तर थांबली, पण लिहिलं.

मी तिला विचारलं की दोन महिने तोंड का उघडलं नाहीस. म्हणाली, तुम्ही विचारलं नाही. हेही लिही म्हटलं.

आता ठरलेलं कळवतो. पोरीने बाळकुमला राहायचं नाही. इथेच राहील. लोकांची तोंडं अजून आहेत. बुधवारी मी तिला सकाळी घेऊन येईन, वर्ग संपेपर्यंत तुझ्या दारात बसेन आणि संध्याकाळी परत घेऊन येईन. याच्यावर बोलणं नाही. ट्रस्टच्या बाईंना होय कळव. माझ्यासाठी एक खुर्ची बाहेर ठेव, तुझी ती छोटी मुलांची नको. आणि वर्गाचं टाइमटेबल होईल त्यावर तारखेखाली तिथी लिहायची. ती मी बघून देईन, पंचांग माझ्याकडे आहे.

चिखलाचं पत्रात लिहायची गरज नव्हती.

तुझा भाऊ,
काळुराम

ता. क. बाबा पंचांग आणायला आत गेले आहेत, म्हणून ही ओळ माझी. बुधवारी येईन. बुधवार संपला की परत इथे. आठवड्यातले सहा दिवस आहेत तसेच आहेत, हे तुला माहीत असू दे.

तू नोंदवहीतलं पान फाडलं नसशील असं मी धरून चालले आहे. त्याच ओळीखाली लिहून ठेव. डबा क्र. ११ परत मिळाला, १ डिसेंबर. घासलेला, आतून कोरडा. दिलेला डबा रिकामा परत करायचा नसतो म्हणून आवडाबाईने तो भरून दिला. काळे तीळ, वजन दोनशे चाळीस ग्रॅम. इथे काटा नाही, म्हणून वाण्याकडे मोजून आणले. वहिनी चप्पल घालून बरोबर आली होती. वाटेत तिने डबा माझ्या हातातून घेतला आणि घरापर्यंत तिनेच धरला.

चित्रा